कट आणि मात्रा

चित्र पक्कं झाल्याशिवाय संगीताला हात लावायचा नाही, ही चित्रपटाच्या कामातली जुनी शिस्त. आधी संकलन संपवायचं, यापुढे एकही फ्रेम हलणार नाही हे सगळ्यांनी कबूल करायचं, त्याला 'पिक्चर लॉक' म्हणायचं, आणि मगच चित्राची प्रत संगीतकाराच्या हाती द्यायची. तो ती आपल्या स्टुडिओत नेतो, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, रचना करतो आणि तयार संगीत परत पाठवतो. मोठ्या कामात याला पर्याय नाही. साठ-सत्तर वादक एकत्र बसवून ध्वनिमुद्रण करायचं असेल तर दृश्य किती सेकंदांचं आहे हे आधी ठरलेलंच हवं. काल वाजवलेलं संगीत आज तीन सेकंदांनी आखूड करा, असं तिथं कोणी कोणाला सांगू शकत नाही.

ही शिस्त सोयीतून आली. कलेनं ती कधी मागितली नव्हती. छोट्या कामात संकलन आणि संगीत पुष्कळदा एकाच माणसाच्या हातात असतं. तिथंही आपण ती निमूटपणे पाळतो, आणि त्यात बरंच काही गमावतो असं माझं मत आहे. मी छोटे माहितीपट करते. गेली काही वर्षं त्यांचं संगीत मी वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये नेत नाही. ज्या टाइमलाइनवर, म्हणजे पडद्यावरच्या काळाच्या पट्टीवर, चित्र कापते, त्याच टाइमलाइनच्या खालच्या ट्रॅकवर ते रचते, वाजवते आणि मिक्स करते. सुरुवात केवळ सोयीपोटी झाली होती. आता दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं काम करावंसंच वाटत नाही.

संगीत बाहेरून तयार होऊन येतं तेव्हा जुळवून घेण्याचं सगळं ओझं त्याच्या एकट्यावर पडतं. चित्र हलणार नसतं, म्हणून संगीताची ओळ छाटायची, ताणायची, मध्येच विरवून टाकायची. एकाच टाइमलाइनवर मात्र दोघांनाही सरकता येतं. एका लघुपटात हातानं पुस्तक बांधणाऱ्या कारागिराचं दृश्य होतं. हात सुईसकट चौकटीबाहेर गेला की कट, असा माझा बेत होता. त्याखाली पियानोवर चार सुरांची एक ओळ वाजवली. ओळीचा शेवटचा सूर कटच्या पलीकडे गेला, साधारण अर्धा सेकंद. तो सूर विरवून टाकण्याऐवजी मी शॉटची कड धरली आणि तेवढी पुढे ओढली. तेव्हा दिसलं की हात बाहेर गेला तरी दोरा अजून चौकटीत आहे, तिरपा, ताणलेला, आणि हात जिथं कुठं थांबला असेल त्या क्षणी तोही थांबतो. चित्रीकरणात तो दोरा कोणाच्या लक्षात आला नव्हता. चार सुरांच्या ओळीला जागा हवी होती म्हणून तो लघुपटात आला.

उलटही घडतं. एखाद्या चेहऱ्यावर हसू उमटायला लागतं ते नेमकं चौथ्या मात्रेवर. मग चौथा सूर वाजवायची गरजच उरत नाही. तो मी काढून टाकते, आणि कानाला अपेक्षित असलेली ती जागा चेहरा भरून काढतो. ही गोष्ट मला कागदावर सुचली नसती. चित्रापासून तोडलेल्या संगीतात चौथा सूर नसेल तर ओळ अपुरी वाटेल, आणि कोणीही प्रामाणिक संगीतकार ती पुरी करूनच पाठवेल.

चित्र आणि नाद एकाच पट्टीवर, एकाच हातानं घडवण्याचा ध्यास बोलपटाइतकाच जुना आहे. फिल्मवर आवाज नोंदला जाई तो चित्राशेजारच्या अरुंद पट्टीत, प्रकाशाच्या खुणांच्या रूपात. 1930 च्या सुमाराला काही जणांच्या ध्यानात आलं की या खुणा माइकमधूनच आल्या पाहिजेत असं नाही. त्या हातानं रेखाटल्या तरी प्रोजेक्टर त्या वाजवणारच. रशियात आर्सेनी अव्रामोव्ह, जर्मनीत रुडॉल्फ फेनिंगर आणि ऑस्कर फिशिंगर यांनी जवळपास एकाच काळात असे रेखाटलेले आवाज वाजवून पाहिले. पुढे कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅक्लेरन यांनी आडव्या रेघांची कार्डं तयार केली. एकेका सुराचं एकेक कार्ड, अशी कित्येक डझन. रेघा जितक्या दाट तितका सूर उंच. फ्रेमगणिक एक कार्ड कॅमेऱ्याखाली ठेवून ते आपल्या अ‍ॅनिमेशनचं संगीत चित्रासारखंच घडवत. माझ्यासमोरच्या टाइमलाइनवर वरच्या पट्टीत चित्र आणि खालच्या पट्टीत वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लहरीचं चित्र, दिसतं तेव्हा मला ही माणसं आठवतात. त्यांनी सोसलेले कष्ट आज एका माउसच्या क्लिकवर येऊन ठेपले आहेत, पण मूळ इच्छा तीच आहे.

दुसरी वाट मापाची. कार्टूनपटांच्या सुरुवातीच्या दिवसांत चित्रकार आणि संगीतकार दोघांनाही एकच मोजमाप हवं होतं, आणि ते फ्रेमचं ठरलं. कार्ल स्टॉलिंग यांना या पद्धतीच्या सुरुवातीचं श्रेय दिलं जातं. फिल्मच्या ध्वनिपट्टीवर ठरावीक अंतरावर भोकं पाडली की प्रोजेक्टरमधून 'टिक टिक' ऐकू येई आणि वादक त्या टिकटिकीवर वाजवत. सेकंदाला 24 फ्रेम, मिनिटाला 1440. दर बारा फ्रेमला एक टिक म्हणजे मिनिटाला 120 मात्रा. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फ्रेमला कडेनं चार छिद्रं असतात, त्यांच्या आधारानं फ्रेमचा आठवा भागही मोजता येई. म्हणून लय 'बारा फ्रेम' किंवा 'बारा आणि चार अष्टमांश' अशी सांगत. चित्रपट-संगीताची लय कित्येक दशकं अशी फ्रेमच्या भाषेत बोलली गेली.

आणि सॉफ्टवेअरच्या काळात आल्यावरही या दोन जगांमधली भिंत वाटते तितकी जाड नाही. सॉनिक फाउंड्रीनं 1999 मध्ये 'व्हेगस' आणलं तेव्हा ते निव्वळ आवाजाचं, अनेक ट्रॅकचं सॉफ्टवेअर होतं. व्हिडिओ त्यात पुढच्या वर्षी आला. 'डाविंची रिझॉल्व्ह' या संकलनाच्या सॉफ्टवेअरमधल्या, आवाजाच्या कामासाठीच्या फेअरलाइट पानाची कुळकथा तर याहून रंजक आहे. फेअरलाइट ही 1975 मध्ये सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी यांनी सुरू केलेली कंपनी. 1979 मध्ये तिनं बाजारात आणलेलं वाद्य हे कुठलाही आवाज मुद्रित करून तो कीबोर्डवर सुरात वाजवू देणाऱ्या पहिल्या डिजिटल वाद्यांपैकी एक. पडद्यावर प्रकाशलेखणीनं लहर रेखाटायचीही सोय त्यात होती. हीच कंपनी नंतर चित्रपटाच्या ध्वनिसंकलनाकडे वळली, 2016 मध्ये रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक डिझाइननं ती घेतली, आणि 2017 मध्ये रिझॉल्व्हच्या चौदाव्या आवृत्तीत तिचं तंत्र दाखल झालं. जे सॉफ्टवेअर मुळात रंग दुरुस्त करण्यासाठी घडलं, त्याच्या पोटात आज एका वाद्याचा वारसा आहे.

आता कामाच्या मुळाशी येते, कारण इथं थोडं गणित समजून घेतलं नाही तर सगळं डळमळतं. चित्र फ्रेमनं मोजलं जातं आणि संगीत सॅम्पलनं, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेल्या आवाजाच्या मोजमापानं. सेकंदाला 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम म्हणजे 40 मिलिसेकंद, आणि 48 किलोहर्ट्झच्या आवाजात तेवढ्या वेळात 1920 सॅम्पल मावतात. डोळ्याला फ्रेमहून लहान काही नकोच असतं. कानाला फ्रेम फार मोठी वाटते. तबल्याचा किंवा ड्रमचा ठोका अर्ध्या फ्रेमनं, म्हणजे 20 मिलिसेकंदांनी सरकला की लय अडखळते. आणि संकलनाचं सॉफ्टवेअर मुळात क्लिपला फ्रेमच्या रेषेवरच ठेवतं.

24 फ्रेमच्या टाइमलाइनवर 120 ची लय घेतली तर मात्रा बरोबर बारा फ्रेमची. तीच लय 25 वर घेतली की मात्रा साडेबारा फ्रेमची होते, आणि एकाआड एक ठोका दोन फ्रेमच्या मधल्या फटीत पडतो. तिथं लूप कापून पुढं जोडत गेलं की प्रत्येक जोड थोडा थोडा खोटा. याला साधा उपाय आहे: 25 वर 1500 ला आणि 24 वर 1440 ला पूर्ण भाग जाईल अशी लय निवडायची. 25 वर 100 ची लय म्हणजे पंधरा फ्रेमची मात्रा, 125 म्हणजे बारा, 75 म्हणजे वीस. 24 वर 96, 90, 80 आणि 72 या लयी अशाच सरळ बसतात. 29.97 चा फ्रेमरेट सगळ्यात फसवा. 120 ची लय तिथं पंधरा फ्रेमची आहे असं वाटतं, पण त्या समजुतीवर ठोके मांडत गेलं की एका मिनिटात जवळजवळ दोन फ्रेमचं अंतर पडतं.

प्रत्येक वेळी हे गणित पाळायलाच हवं असं नाही. प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन आवाजाच्या एककात दाखवण्याचा पर्याय आहे, फायनल कटमध्ये आवाज फ्रेमच्या ऐंशीव्या भागापर्यंत हलवता येतो, फेअरलाइटच्या पानावर सॅम्पलपर्यंत उतरता येतं. तरीही मी बहुतेकदा फ्रेमशी जमणारी लय घेते. मग कट हवा तिथं करता येतो आणि मात्रा हाताशी असते. लयीनं सूट दिली की संकलनात धीटपणा येतो.

पण लय मुळात शोधायची कुठे? मी ती चित्रात शोधते. आवाज पूर्ण बंद करून दृश्य पुन्हा पुन्हा चालवते आणि बोटानं टेबलावर ठेका धरते. माणसाच्या साध्या चालण्यात मिनिटाला शंभर-सव्वाशे पावलं पडतात. कापडावर फिरणारी कात्री, कुणाचा श्वास, खिडकीत हलणारा पडदा, प्रत्येकाची आपली गती असते. आणि ती सापडली की पहिला मोह होतो तो संगीत तिच्यावर तंतोतंत बसवण्याचा. तो मी टाळते. पावलागणिक ठोका पडला की चालणारा माणूस कवायत करतोय असं दिसायला लागतं.

त्याऐवजी मला नात्यातली लय आवडते. पावलं मिनिटाला 112 पडत असतील तर संगीत 84 च्या लयीत ठेवते. चार पावलं आणि तीन मात्रा यांना तेवढाच वेळ लागतो, म्हणून दर तीन मात्रांनी पाऊल आणि ठोका एकत्र येतात, मग पुन्हा वेगळे होतात. साधारण दोन सेकंदांनी येणारी ही छोटी सम बघणाऱ्याला मोजता येत नाही, पण त्याला ती जाणवते. चालण्याला एक आतला झोका मिळतो. 84 ची मात्रा फ्रेमच्या रेषेवर बसत नाही, त्यामुळे असं संगीत मी लूप कापून जोडत नाही. सलग वाजवते आणि त्याची एकच अखंड क्लिप ठेवते.

कटवर ठोका मारण्याबद्दलही माझं एक मत आहे. आवाज आणि चित्र यांतलं अंतर प्रेक्षकाला कधी कळतं यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एक शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज सुमारे 45 मिलिसेकंद आधी आला तर ते लक्षात येतं, पण उशिरा येत असेल तर साधारण 125 मिलिसेकंदांपर्यंत खपून जातं. कारण उघड आहे: जगात आवाज नेहमीच प्रकाशाच्या मागून येतो. एका फ्रेमच्या वेळात आवाज जेमतेम चौदा मीटर जातो. त्यामुळे संगीताचा ठोका कटच्या आधी पडला की कट ढकलल्यासारखा वाटतो, आणि एखादी फ्रेम नंतर पडला की कट आपल्या पायावर उभा राहतो. पण सलग चार कटवर चार ठोके पडले की पाचवा कुठे पडणार हे प्रेक्षकाला कळलेलं असतं, आणि पाचव्या शॉटमध्ये काय आहे याकडे त्याचं लक्ष उरत नाही. महत्त्वाच्या एका कटसाठी ठोका राखून ठेवावा, बाकीचे कट ओळीच्या मधून जाऊ द्यावेत.

या पद्धतीनं मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. चित्रीकरणाच्या जागेचा मूळ आवाज संगीताच्या शेजारच्या ट्रॅकवर असतो. संगीत वेगळ्या खोलीत रचलं जातं तेव्हा संगीतकाराला तो आवाज बहुधा कच्चा, दबका ऐकू येतो, आणि तो त्याच्याकडे दुर्लक्ष करतो. माझ्यासमोर मात्र तो सतत वाजत असतो. खोलीची घरघर, यंत्राचा आवाज, लांबची रहदारी. या आवाजांना स्वर असतो. दिव्यांची, पंख्यांची आणि विजेवरच्या यंत्रांची गुणगुण वीजपुरवठ्याच्या वारंवारतेला बांधलेली असते. जगाच्या मोठ्या भागात ती 50 हर्ट्झ आहे आणि काही देशांत 60. यंत्रांच्या घरघरीत बहुधा तिच्या दुप्पट, 100 किंवा 120 हर्ट्झचा स्वर जास्त ठळक असतो.

अशा दृश्याखाली कीबोर्डवर कुठलीही पट्टी धरून वाजवलं तर काहीतरी खटकतं. वाजवणं सुरेल असतं, खोलीही आपल्या जागी बरोबर असते, पण दोघांत वैर असतं. 50 हर्ट्झ हा स्वर पियानोवरच्या सर्वांत खालच्या जी स्वराच्या आसपास येतो, पण त्याहून सुमारे 35 सेंट चढा. अर्धा स्वर म्हणजे 100 सेंट, हे लक्षात घेतलं तर ही तफावत कानाला नक्की बोचणारी आहे. 60 हर्ट्झ तर दोन पट्ट्यांच्या जवळजवळ बरोबर मधोमध पडतो. पुष्कळ जण म्हणून आधी गुणगुण गाळून टाकतात. ती फार मोठी असेल, बोलणं झाकत असेल, तर मीही गाळते. पण ती सौम्य असेल तर मी तिलाच षड्ज मानते. सिंथेसायझरचं ट्यूनिंग 35 सेंटनी चढवते आणि सगळी रचना त्या खोलीच्या स्वरावर उभी करते.

मग जे होतं ते ऐकण्यासारखं असतं. संगीत सुरू केव्हा झालं हे कळतच नाही. यंत्र चालूच असतं, त्याच्यावर एक पंचम हळूच येऊन बसतो, आणि प्रेक्षकाला वाटतं की खोलीच काहीतरी गातेय. यंत्र बंद होतं त्या क्षणी संगीताचा पाया निघून जातो आणि वरचा सूर एकटा राहतो. त्या सुराचं एकटेपण कितीही वाद्यं वापरून मला मिळालं नसतं. दाराच्या बिजागरीची कुरकुर, काचेवर पडलेला चमचा, कागद फाटल्याचा आवाज हेही मी मूळ आवाजातून कापून घेते, स्वर उतरवते, मंद करते आणि वाद्य म्हणून वापरते. आवाज ताणायलाही एक मर्यादा असते. लांबट, सलग आवाज बराच ताणता येतो. ठोक्याचा आवाज थोडासा ताणला तरी त्याची धार जाते.

मिक्सिंगबद्दल बोलताना लोक बहुतेक डकिंगपासून सुरुवात करतात. निवेदन सुरू झालं की कंप्रेसरनं संगीत आपोआप खाली दाबायचं आणि निवेदन थांबलं की वर सोडायचं. हे काम आज बहुतेक सॉफ्टवेअर एका खुणेवर करतं. मला ते शेवटचा उपाय म्हणूनच मान्य आहे. दोन वाक्यांमध्ये माणूस श्वास घेतो तेवढ्यात संगीत उसळून वर येतं आणि पुढच्या शब्दावर पुन्हा दबतं. ऐकणाऱ्याला ती उसळी संगीताची वाटत नाही, यंत्राची वाटते. संगीत परत वर यायला एक सेकंद किंवा अधिक वेळ दिला तर हे बरंच कमी होतं. पण खरा उपाय रचनेतच असतो.

निवेदनाचं वेव्हफॉर्म समोर असतं, त्यातल्या मोकळ्या जागा डोळ्याला दिसतात. मी ओळ तिथंच लिहिते. वाक्य चालू असताना संगीत नुसतं एक सूर धरून थांबतं. वाक्य संपलं की चार सूर पुढे येतात आणि पुढच्या वाक्याआधी बाजूला होतात. सवाल-जवाबासारखं हे नातं एकदा जमलं की फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी) जवळजवळ हलवावाच लागत नाही. निवेदकाच्या आवाजाची पट्टीही पाहते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा 85 ते 155 हर्ट्झच्या दरम्यान असतो, बाईचा 165 ते 255. खर्जातल्या आवाजाखाली चेलो ठेवला की दोघंही गढूळ होतात. तिथं वरच्या सप्तकातला विरळ पियानो हवा. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजनांची धार मुख्यतः दोन ते चार किलोहर्ट्झच्या आसपास असते. इक्वलायझरनं तेवढ्या भागात संगीत दोन-तीन डेसिबलनी उतरवलं तर शब्द स्वच्छ होतात आणि संगीत कमी झाल्यासारखंही वाटत नाही.

जोडाच्या जागेवर थोडा वेळ द्यावा. संगीताच्या दोन क्लिप एकमेकींत मिसळताना सरळ रेषेचा क्रॉसफेड (एक विरवत दुसरी चढवणं) लावला तर मधोमध दोन्ही सहा डेसिबलनी खाली असतात आणि वेगळे सूर असतील तर तिथं खड्डा पडतो. समशक्तीचा क्रॉसफेड मध्यावर तीनच डेसिबल उतरतो, म्हणून वेगवेगळ्या सुरांसाठी तो चांगला. एकच सूर दोन्हीकडे चालू असेल तर मात्र सरळ रेषाच बरी.

या पद्धतीतला धोका डोळ्यांचा आहे. संकलनाच्या पडद्यावर सगळं दिसतं, आणि जे दिसतं ते ऐकू येतंय असं वाटायला लागतं. वेव्हफॉर्म रेषेवर बसलं की सूर बसला असं मन मान्य करतं. संगीत वर येताना की-फ्रेमची (पातळी बदलण्याच्या खुणांची) चढण दिसत असते, म्हणून ते वर आलं असं वाटतं. प्रेक्षकाला ती चढण दिसत नाही. म्हणून मी दिवसातून एकदा पडद्याकडे पाठ करून संपूर्ण आवाज ऐकते. नंतर आवाज बंद करून नुसतं चित्र पाहते. दोन्ही वेळा जे पाय घसरवतं ते दुरुस्त करते, आणि मगच दोन्ही एकत्र लावते. हेडफोनवर पक्कं केलेलं मिक्स लहान स्पीकरवर एकदा ऐकतेच, कारण खालचे सूर तिथं गायब होतात आणि ज्या षड्जावर सगळी इमारत उभी केली तोच ऐकू येत नाही. अशा वेळी त्याच्या वरच्या सप्तकाचा हलका सूर सोबत द्यावा लागतो.

आवाजाची पातळी शेवटी एकदा मापानं तपासावी. युरोपच्या प्रसारण संघटनेनं 2010 मध्ये कार्यक्रमाची सरासरी पातळी −23 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो याचं एकक) ठरवली. यूट्यूब साधारण −14 च्या वर गेलेला आवाज खाली आणतो. म्हणजे सगळं दाबून मोठं केलं तरी ऐकणाऱ्यापर्यंत ते मोठं पोचत नाही, फक्त चपटं पोचतं.

सगळं काम इथंच करावं असा माझा आग्रह नाही. अनेक वाद्यांची दीर्घ रचना, मध्येच बदलत जाणारी लय, नोटेशन, वादकांच्या अनेक टेकमधून निवड, हे सगळं संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये कितीतरी चांगलं होतं. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सूर दुरुस्त करायला बोटं आणि पुन्हा वाजवणं एवढंच हाताशी असतं. त्याचा मला फायदाच झाला आहे. चुकलेला सूर माउसनं सरकवता येत नाही म्हणून ओळ पुन्हा वाजवावी लागते, आणि पुन्हा वाजवताना चित्र समोर चालूच असतं. चौथ्या-पाचव्या वेळी बोटं आपोआप चेहऱ्याच्या वेगानं चालायला लागतात.

निर्यात करताना संगीत, निवेदन आणि मूळ आवाज यांचे बस (ट्रॅक एकत्र करणारे आवाजाचे मार्ग) वेगळे ठेवते. चित्रपटाच्या कामात बोलण्याशिवायचा 'म्युझिक अँड इफेक्ट्स' ट्रॅक वेगळा दिला जातो, तो दुसऱ्या भाषेत आवाज देण्यासाठी. त्यात एक बारीक अडचण असते. निवेदनाच्या आवाजावर डकिंग चालत असेल तर संगीताच्या ट्रॅकमध्ये पहिल्या भाषेचे चढउतार कोरलेले राहतात. दुसऱ्या भाषेची वाक्यं वेगळ्या जागी थांबतात, आणि संगीत विनाकारण वरखाली होतं. म्हणून संगीताची एक प्रत डकिंगशिवाय काढून ठेवते. सॉफ्टवेअरमधली वाद्यं उद्या चालतील याची खात्री नसते, म्हणून ती ध्वनिमुद्रित करून त्यांच्या क्लिप जवळ ठेवते, आणि टाइमलाइनच्या पहिल्या मार्करवर लय, षड्ज आणि ट्यूनिंग लिहून ठेवते.

सध्या पुस्तकबांधणीच्या त्याच लघुपटाला दुसऱ्या भाषेत निवेदन चढवते आहे. या भाषेतली वाक्यं लांब आहेत. दोऱ्याच्या शॉटवर पहिल्या आवृत्तीत तीन सेकंदांची मोकळी जागा होती, आता जेमतेम दीड सेकंद उरली आहे, आणि चार सुरांची ओळ तिथं मावत नाही. शॉट लांबवून पाहिला, तर कारागिराची मान वर येते आणि लक्ष तिकडे जातं. ओळीतला दुसरा सूर काढून पाहिला, ते बरं वाटलं, पण आता पहिला सूर कटच्या आधी ऐकू येतो. उद्या निवेदनच दोन वाक्यांत तोडून बघणार आहे.